लोकांना पटेल असं कारण

२० जून २०२२, सोमवार. म्हैसाळमध्ये दुपार कलायच्या आत कारण ठरून गेलं होतं.

सांगली जिल्ह्यातल्या मिरज तालुक्याचं हे गाव कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना देणाऱ्या उपसा सिंचन योजनेमुळे महाराष्ट्राला त्याचं नाव ठाऊक. त्या दिवशी गावातल्या दोन सख्ख्या भावांच्या दोन घरांत मिळून नऊ देह सापडले, एका घरात सहा, दुसऱ्यात तीन. एक भाऊ शिक्षक, दुसरा जनावरांचा डॉक्टर. त्यांच्या बायका, मुलं आणि म्हातारी आई. सोबत चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांत सावकारांची नावं आणि त्यांच्याकडून उचललेल्या पैशांचा हिशेब.

आणखी काय हवं? पश्चिम महाराष्ट्रात सावकारीचा पाश ही सांगोवांगीची गोष्ट नाही, जवळपास प्रत्येक गावात कुणाच्या तरी घराला तो बसलेला आहे. ‘खासगी सावकारीचे नऊ बळी’ हा मथळा जणू आधीच जुळवून ठेवलेला होता, त्यात गावाचं नाव तेवढं भरायचं राहिलं होतं. पोलिसांनी चिठ्ठ्यांच्या आधारे पंचवीस जणांवर गुन्हा नोंदवला, धरपकड झाली, पुढाऱ्यांनी भेटी दिल्या, सावकारीविरोधी कायदा कडक करण्याची मागणी झाली. तसा कायदा २०१४ पासून आहेच, पण ते असो. चर्चा कर्जावरून प्रतिष्ठेवर गेली, प्रतिष्ठेवरून शिकल्यासवरल्या माणसांच्या मनोबलावर. शिक्षक आणि डॉक्टर असून असं करतात, मग शेतकऱ्यानं काय करावं, असंही म्हटलं गेलं.

आठवड्याभरात पोलिसांनी सांगितलं, या आत्महत्या नाहीत. हे खून आहेत.

सोलापूरचा एक मांत्रिक आणि त्याचा गाडीचालक यांना अटक झाली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे या कुटुंबाला गुप्तधन मिळवून देण्याचं आमिष मांत्रिकानं दाखवलं होतं आणि त्यापोटी सुमारे एक कोटी रुपये घेतले होते. कर्ज खरंच होतं, पण ते काढलं गेलं होतं गुप्तधनाच्या नादात. धन काही मिळेना, पैसे परत मागितले जाऊ लागले, तेव्हा त्यानं सगळ्यांना विष दिलं, असा आरोप आहे. चिठ्ठ्यांबाबत पोलिसांना खटकलं ते असं, की त्यांत नावं होती, आकडे होते, पण आपण मरतो आहोत ते का, याबद्दल धड काही नव्हतं. पूजाविधीच्या निमित्तानं ही नावं त्यांच्याकडूनच लिहून घेतली गेली असावीत, असा तपासाचा रोख राहिला.

हा आरोप जसाच्या तसा धरला तर एक गोष्ट अंगावर येते. मारणाऱ्यानं विषाची जुळवाजुळव केली तशीच कारणाचीही केली. गाव, पोलीस, वर्तमानपत्रं आणि पुढारी कोणत्या कारणावर एका दमात विश्वास ठेवतील, याचा त्याचा अंदाज सात दिवस तरी अचूक ठरला.

खून झाला की माणसं विचारतात, ‘का केलं असेल?’ बसथांब्यावर, केशकर्तनालयात, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न फिरतो आणि ज्याला जे सुचेल ते तो त्यात घालतो. ही कुजबुज खुनानंतर सुरू होते, असं आपण मानतो. पण महाराष्ट्रातली काही प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली तर दिसतं, की ती खुनाच्या आधीपासून तयार असते आणि चाणाक्ष मारेकरी तिचा उपयोग करून घेतो.

म्हैसाळपासून कृष्णेच्या काठानं उलटं, उगमाच्या दिशेनं निघालं की सांगली, कऱ्हाड, माहुली मागे टाकून वाई येते, आणि वाईच्या वर धोमचं धरण. ढोल्या गणपतीची, मराठी विश्वकोशाची, मेणवलीच्या वाड्याची आणि हिंदी सिनेमांच्या चित्रीकरणांची वाई. ऑगस्ट २०१६ मध्ये या गावाच्या नावाला आणखी एक ओळख चिकटली.

त्या वर्षीच्या जूनच्या मध्यावर वाईतून एक बाई बेपत्ता झाल्या. पूर्वप्राथमिक शिक्षिका आणि सेविकांच्या संघटनेच्या त्या अध्यक्षा होत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला म्हणून निघाल्या आणि पोहोचल्याच नाहीत. बाई संघटनेच्या होत्या, त्यामुळे विचारणाऱ्यांची संख्या मोठी होती. मोबाइलच्या नोंदी तपासत पोलीस एका परिचारिकेपर्यंत आणि तिच्यामार्फत संतोष पोळ या माणसापर्यंत पोहोचले. त्यानं एक नव्हे, सहा खुनांची कबुली दिल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. पाच बायका, एक पुरुष. पहिला खून २००३ मधला, शेवटचा २०१६ मधला. धोमच्या त्याच्या पोल्ट्री फार्मच्या आवारात खोदकाम सुरू झालं आणि सांगाडे निघू लागले. खड्डे आधीच जेसीबीनं काढून घेतलेले असत आणि वर नारळाची झाडं लावली जात, असं तपासात सांगितलं गेलं.

एरवी जेसीबीचा आवाज अख्ख्या शिवाराला ऐकू जातो. पण नारळ लावायला खड्डा घेतोय म्हटल्यावर कोण कशाला विचारील?

‘डॉ. डेथ’ हे नाव पत्रकारांनी दिलं. त्यातला ‘डॉक्टर’ मात्र गावानंच फार आधी दिला होता. पोळ एमबीबीएस नव्हता. इलेक्ट्रोहोमिओपॅथीची पदवी मिरवत तो खासगी रुग्णालयात काम करून आला होता आणि हातात सुई असलेल्या माणसाला आपल्याकडे डॉक्टरच म्हणतात. त्याची दुसरी ओळख त्याहून उपयोगाची होती. भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रारी करणारा, माहिती अधिकारात अर्ज टाकणारा, अधिकाऱ्यांना घाम फोडणारा कार्यकर्ता. अशा माणसाच्या वाटेला सरकारी नोकर सहसा जात नाही. चौकशीला बोलावलं तर उद्या आपल्याच नावानं अर्ज यायचा, ही धास्ती असते.

मग वाईत आणि साताऱ्यात अंदाजांना ऊत आला. कुणी म्हणालं सोन्यासाठी, कुणी म्हणालं बायकांच्या नादापायी, कुणी म्हणालं किडन्या विकत असणार. नरबळी आणि गुप्तधन यांनाही त्यात जागा मिळाली. सगळ्यात जास्त ऐकू आलं ते नेहमीचंच : ‘चेहऱ्यावरून वाटलं नव्हतं हो’, आणि त्याच दमात, ‘आतल्या गाठीचा होता, आम्हाला पहिल्यापासूनच शंका होती.’ ही दोन्ही वाक्यं एकच माणूस एका चहात बोलू शकतो. पहिल्यानं तो निर्दोष ठरतो, दुसऱ्यानं हुशार.

पुढे झी मराठीवर ‘देवमाणूस’ ही मालिका आली, २०२० मध्ये. गाव ज्याला देव मानतं असा डॉक्टर रात्री मुडदे पाडतो, ही कल्पना प्रेक्षकांनी उचलून धरली. मालिकेनं लोकांच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं, की माणसाच्या आत राक्षस असतो. रोज रात्री अर्धा तास ऐकायला हे ठीक आहे. पण राक्षस म्हटल्यानं एक सोय होते. राक्षसाला शेजारी नसतात, भाडेकरू नसतात, त्याच्याकडून इंजेक्शन घेणारे रुग्ण नसतात, त्याच्या अर्जांवर शिक्का मारणारी कार्यालयं नसतात.

या प्रकरणात लोकांना जे ‘माहीत’ आहे, त्यातलं बरंचसं पोलिसांपुढच्या कबुलीतून आलेलं आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांनी १८७२ साली घातलेली ही तरतूद नव्या कायद्यातही टिकून आहे. म्हणूनच साताऱ्याच्या सत्र न्यायालयात खटला उभा राहिला, तेव्हा विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी भर दिला तो सहआरोपी परिचारिकेला माफीची साक्षीदार करण्यावर. आरोपी दोषी आहे की नाही हे न्यायालयाच्या निकालानंच ठरतं. गावाचा निकाल मात्र खोदकामाच्या पहिल्याच दिवशी लागला होता.

आरोपपत्रातलं औषध कोणतं, तर सक्सिनिलकोलीन. शस्त्रक्रियेआधी श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू सैल पडावेत म्हणून भूलतज्ज्ञ ते वापरतात. श्वासाचे स्नायूही त्यात थांबतात, म्हणून कृत्रिम श्वासाची सोय हाताशी नसेल तर माणूस काही मिनिटांत जातो. रक्तातले घटक ते इतक्या झपाट्यानं मोडतात, की नंतर शोधणं फार अवघड. १९६७ साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात कार्ल कोपोलिनो नावाच्या भूलतज्ज्ञाला बायकोच्या खुनाबद्दल दोषी धरलं गेलं, ते याच औषधावरून, आणि ते शरीरात सापडू शकतं का यावर तिथे तज्ज्ञांची खडाजंगी झाली होती. वाईच्या प्रकरणात तर हाती होते सांगाडे.

पण औषधाच्या हुशारीनं भारून जायचं कारण नाही. सांगाडे सापडेपर्यंत कुणी विषाचा शोध घेणारच नव्हतं, कारण मृतदेहच नव्हते. होत्या त्या बेपत्ता झाल्याच्या तक्रारी, तेरा वर्षांत विखुरलेल्या, वेगवेगळ्या घरांच्या. सज्ञान बाई घरातून निघून गेली की आपल्याकडे तिच्याबद्दल काय बोललं जातं, हे कुणी सांगायला नको. घरचे लाजेनं बोलत नाहीत, शेजारी डोळे मिचकावतात आणि ठाण्यात ‘मिसिंग’ची नोंद होऊन वही मिटते. मारणाऱ्याला खोटी गोष्ट रचावी लागत नाही. समाजाकडे ती तयारच असते.

पुण्यातल्या एका डॉक्टरला मात्र ती रचावी लागली होती.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या एक सधन विधवा, मधुमेहाच्या रुग्ण, मुंबईला दाखवायला म्हणून पुण्याहून रेल्वेत बसल्या. सोबत होता त्यांचा घरचा डॉक्टर, अनंत चिंतामण लागू. पहाटे मुंबईत उतरले तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. जी. टी. रुग्णालयात त्यांचं नाव वेगळंच लिहिलं गेलं आणि दुपार व्हायच्या आत त्या वारल्या. कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा देह बेवारस म्हणून ग्रँट मेडिकल कॉलेजकडे गेला. इकडे पुण्यात नातेवाइकांना पत्रं येऊ लागली. मजकूर लक्ष्मीबाईंच्या नावचा : मी तीर्थयात्रा करते आहे, मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आहे, जयपूरजवळ राठोडी इथं सुखात आहे, परत येणार नाही. त्या सुखात असताना त्यांचे शेअर, त्यांची ठेव, घरातलं सामान हळूहळू डॉक्टरांकडे सरकत होतं. अटक झाली ती १९५८ च्या मार्चमध्ये.

ही पत्रं वर्षभर खपली कशी? विधवा बाई पळून जाऊन लग्न करते, हे त्या काळच्या सदाशिव पेठी कल्पनेत लाजिरवाणं होतं आणि म्हणूनच खरं वाटणारं होतं. लाजिरवाण्या गोष्टीची कुणी खातरजमा करायला जात नाही. डॉक्टर लागूला विषशास्त्र किती येत होतं हे न्यायालयालाही शेवटपर्यंत कळलं नाही, कारण देहात विष सापडलंच नाही. पण नातलगांची नाडी त्याला पक्की कळत होती. सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं त्याची फाशी कायम केली, विष सापडलं नसूनही. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं, त्यांना पुरावा पुरेसा वाटला नाही.

वीस वर्षांनी त्याच पुण्यात पुन्हा एक चिठ्ठी. जानेवारी १९७६ मध्ये अभिनव कला महाविद्यालयातल्या चौघांनी आपल्याच एका वर्गमित्राला बोलावून नेलं आणि मारण्याआधी त्याच्याकडून वडिलांच्या नावे लिहून घेतलं, की मी घर सोडून जातो आहे. वयात आलेला मुलगा बापाशी बिनसून निघून जातो, हेही पटण्यासारखं. जोशी आणि अभ्यंकर या कुटुंबांची हत्याकांडं त्यानंतरची. मार्च १९७७ पर्यंत दहा खून झाले होते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. चित्रकलेची ही पोरं इतकी निर्घृण कशी झाली यावर पुण्यात पन्नास वर्षं बोललं जातंय. आणीबाणी, सिनेमे, दारू, झटपट पैसा, सगळं सांगून झालं. चिठ्ठीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

कायदा ‘का’ या प्रश्नाकडे कसा पाहतो, ते कट्ट्यावरच्या चर्चेहून बरंच वेगळं आहे. प्रत्यक्ष साक्षीदार असेल तर हेतू सिद्ध झाला नाही तरी चालतं. परिस्थितीजन्य पुराव्यावर खटला उभा असेल तर हेतू ही साखळीतली एक कडी ठरते. १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात, हाही पुण्यातलाच, सर्वोच्च न्यायालयानं विषप्रयोगाच्या प्रकरणात चार गोष्टी दाखवाव्या लागतील असं म्हटलं : आरोपीला हेतू होता, मृत्यू त्या विषानंच झाला, आरोपीकडे ते विष होतं, आणि ते द्यायची संधी त्याला होती. हेतू चारांतला एक. त्या खटल्यातही पत्रं होती, मरण पावलेल्या तरुणीनं स्वतः जवळच्यांना लिहिलेली. ती वाचून खालच्या न्यायालयांना खून दिसला, सर्वोच्च न्यायालयाला आत्महत्येची शक्यता पूर्ण पुसता येईना, आणि फाशीची शिक्षा झालेला आरोपी सुटला. पत्र खरं असलं तरी त्यातून ‘का’ वाचणं किती अवघड, याचा हा दाखला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात हेतूचा रकाना असतो. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, त्यांतले २,२९५ महाराष्ट्रात. देशभरच्या आकड्यात सर्वांत मोठा वाटा ‘वाद’ या साध्या शब्दाचा, ९,९६२ गुन्ह्यांचा. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, वाटणीवरून, उधारीवरून. वैयक्तिक वैमनस्यातून ३,७६१, लाभासाठी १,८८४. मालिकांतला राक्षस या तक्त्यात कुठेच बसत नाही. बहुतेक खून अशी माणसं करतात, ज्यांचं कारण गावाला आधीपासून माहीत असतं आणि ज्यांच्यावर कुणी मालिका काढत नाही.

उरते ती मूठभर प्रकरणं, जिथे माणूस साधा दिसतो आणि कारण त्याच्या कृत्याच्या मानानं फारच तोकडं वाटतं. तिथे तरी सखोल चौकशीनं ‘का’ हाती लागतं का? इंग्लंडनं तो प्रयत्न मनापासून करून पाहिला. मँचेस्टरजवळच्या हाइड गावच्या हॅरॉल्ड शिपमन या लोकप्रिय डॉक्टरला जानेवारी २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. त्यानंतर न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीनं २१५ बळींची नोंद केली. कागदपत्रांचे डोंगर उपसूनही त्यानं हे का केलं, याचं ठाम उत्तर मिळालं नाही. शिपमन शेवटपर्यंत बोलला नाही आणि २००४ मध्ये तुरुंगात त्यानं गळफास घेतला. पण ‘कसं चाललं’ याचं उत्तर चौकशीनं पानोपानी दिलं. शेजारच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंना मृत्यूचे दाखले जास्त वाटले होते, त्यांनी कळवलंही होतं, पोलिसांनी वरवर पाहून सोडून दिलं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना नेणारा एक टॅक्सीवाला मेलेल्यांची यादी करत होता, पण डॉक्टरविरुद्ध आपलं कोण ऐकणार म्हणून गप्प होता. शेवटी पकडलं ते एका मुलीनं. आईचं मृत्युपत्र तिला बनावट वाटलं, आणि मुलगी वकील होती.

साताऱ्याच्या मातीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर मांत्रिकांच्या मागे लागले ते याच ‘कसं चालतं’च्या ध्यासानं. बुवा वाईट का झाला यापेक्षा लोक त्याच्याकडे का जातात आणि एकदा गेल्यावर बोलत का नाहीत, हा त्यांचा विषय होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले, तो त्याच वर्षी आला. गुप्तधनाच्या शोधासाठी अमानुष कृत्यं करणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. १९७२ ते १९७४ या काळातलं मानवतचं हत्यासत्र गुप्तधनापायीच घडल्याचं महाराष्ट्रानं पाहिलं होतं. कायद्याला नऊ वर्षं झाली तेव्हा म्हैसाळ घडलं. कायदा होता, अंधश्रद्धा निर्मूलन समिती होती, सांगली-सातारा हा तर चळवळीचा बालेकिल्ला. पण गुप्तधनासाठी पैसे दिलेला माणूस तक्रार कुठल्या तोंडानं देणार? शिक्षक आणि डॉक्टर म्हणून मिळालेली इज्जतच त्याचं तोंड बांधते. कर्जाचं सांगता येतं, गुप्तधनाचं सांगता येत नाही.

वाईतल्या त्या अध्यक्षाबाई जिवंत मिळाल्या नाहीत, पण त्यांच्यामुळे बाकीच्या पाच घरांना आपलं माणूस कुठे गेलं ते समजलं. त्यांच्यामागे लाज धरून न बसता रोज ठाण्यात जाऊन विचारणारी माणसं होती. एवढाच फरक.

म्हणून वाचकांना एक सांगणं. बेपत्ता माणसाची तक्रार देण्याआधी चोवीस तास थांबावं लागतं, अशी समजूत गावोगाव आहे. असा कोणताही नियम नाही. तक्रार लगेच देता येते, ११२ वर फोन करता येतो, आणि नोंद झाल्याचा क्रमांक मागून घेता येतो. तो घ्या, आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन विचारा.